बेदाण्याच्या शेडमधून अरबी समुद्र

तासगाव तालुक्यात आमची साडेतीन एकर द्राक्षबाग आहे. समुद्राशी आमचा संबंध एवढाच, की ऑक्टोबर छाटणीनंतर तिकडं काही शिजायला लागलं की इकडं आमच्या पोटात गोळा येतो. बाग फुलोऱ्यात असताना ढग बसले आणि दोन दिवस पानं ओली राहिली, की डाऊनी हा बुरशीचा रोग येतो, गळकूज होते आणि वर्षभराचा खर्च घडांबरोबर खाली पडतो. त्यामुळं इथला बागायतदार चहाच्या आधी मोबाईलवर विंडी हे हवामानाचं ॲप उघडतो. हवामानाच्या अंदाजाचं अमेरिकन मॉडेल खरं की युरोपियन, यावरून पानटपरीवर आवाज चढलेले मी ऐकलेत.

माझ्या थोरल्या ताईचे मालक, म्हणजे आमचे दाजी, मर्चंट नेव्हीतून निवृत्त झाले. लोक निवृत्तीनंतर बंगला बांधतात, यांनी अडतीस फुटी जुनी शिडाची बोट घेऊन गोव्यात ठेवली. तीन वर्षं तिला रंग लावण्यात गेली. मग एका दिवाळीत जाहीर केलं की नोव्हेंबरअखेर गोव्याहून सेशेल्स बेटांवर जाणार. बरोबर जहाजावरचे दोन जुने सोबती. अंतर सुमारे सोळाशे सागरी मैल, दिवसाला सव्वाशे मैल धरले तर तेरा-चौदा दिवस. ताईला आमच्याकडं आणून सोडलं आणि मला म्हणाले, "तू तसाही दिवसभर वाराच बघत असतोस. आता माझ्यासाठी पण बघ."

"दाजी, मला पोहायला येत नाही."

"तुला कुठं पोहायचंय? तू शेडमध्ये बस."

बोटीवरच्या यंत्रावरून संदेश जाणार-येणार होते, पण हवामानाचे नकाशे उतरवून घेण्याइतकी ताकद त्यात नव्हती. सॅटेलाइट फोन आपल्याकडं कुणीही उठून वापरू शकत नाही, परवाना लागतो. त्या कागदपत्रांत दाजींचे सहा महिने गेले होते. एका संदेशात रोमन लिपीतली १६० अक्षरं बसायची, देवनागरीत त्याच्या निम्मीसुद्धा नाही. म्हणून आम्ही मराठीच, पण रोमन अक्षरांत लिहायचो. काना-मात्रेची वाट लागायची. 'वारा वाढला' आणि 'वारा वाढेल' यात एक अख्खी रात्र गेलीय आमची.

जाण्याआधी दाजी अरबी समुद्राचा एक कागदी चार्ट देऊन गेले. बेदाणा निवडायच्या टेबलावर तो अंथरला, चार कोपऱ्यांवर चार वजनं ठेवली. उभ्या कडेवरचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. आडव्या कडेवर माप घ्यायचं नाही, हे त्यांनी तीनदा बजावलं होतं. मी पहिल्याच दिवशी आडव्या कडेवर घेतलं. वाऱ्याकडं पाठ करून उभं राहिलं की आपल्या अर्ध्या गोलात कमी दाब डाव्या हाताला असतो, हेही त्यांनीच शिकवलं. ते मात्र पटकन बसलं, कारण लगेच बांधावर जाऊन उभा राहून बघितलं.

सरळ रेघेनं जायचं नाही, हे आधीच ठरलं होतं. हिवाळ्यात अरबी समुद्रावर ईशान्येचा वारा असतो, शिडाच्या बोटीला मागून-बाजूनं मिळणारा, सुखाचा. विषुववृत्ताजवळ तो मरतो. तिथं शांत पट्टा, मध्येच काळे ढग आणि पावसाचे फटके. त्याच्या खाली त्या महिन्यांत वायव्येचा वारा सुरू होतो. सेशेल्स विषुववृत्ताच्या साडेचार अंश खाली आणि गोव्याच्या बरंच पश्चिमेला. म्हणजे पश्चिमेची वाट वरच्या वाऱ्यावरच कापून घ्यायची, खाली उतरल्यावर पश्चिमेला जायची वेळ आली तर वारा तोंडावर येणार. दाजींच्या भाषेत, "पश्चिम वर कमवायची, दक्षिण खाली खर्चायची." कमवायची तरी सोमालियाच्या बाजूला अवाजवी सरकायचं नाही, ही अट ताईची होती.

माझा दिनक्रम असा झाला. अमेरिकन मॉडेल दिवसातून चारदा चालतं. पहाटे साडेपाचच्या निरीक्षणांवर चाललेलं साडेनऊ-दहाच्या सुमारास हाती येतं, युरोपियन दुपारी जेवणाच्या वेळी. भारतीय हवामान खात्याचं समुद्राचं पत्रक वेगळं. सकाळी दहाला एक संदेश, रात्री दहाला एक. मध्ये बाग.

पहिले दोन दिवस मजेत गेले. ईशान्येचा पंधरा-अठरा नॉटचा वारा, बोट पाच नॉटनं पळत होती. नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती १३ अंश १२ मिनिटं उत्तर, ७० अंश ४८ मिनिटं पूर्वेला होती. गोव्यापासून सव्वादोनशे मैल. मी पेन्सिलीनं टिंब केलं आणि लक्षद्वीपच्या खाली बघितलं. सकाळी तिथं नुसता ढगांचा पुंजका होता. रात्रीच्या मॉडेलात त्याला गोल रेघा आल्या होत्या.

कमी दाबाचं केंद्र ९ उत्तर, ७२.५ पूर्व. तिथून वायव्य-पश्चिमेकडं निघून साठ तासांत ११ उत्तर, ६६ पूर्वेला. मी दोन रेघा ओढल्या, एक त्याची, एक दाजींची. काटकोनात नाही, तिरक्या, पण छेदत होत्या. मग वेळ मांडली. कमी दाब त्या छेदावर बेचाळीस तासांनी पोचत होता आणि बोट चव्वेचाळीस तासांनी. पाहुण्यांची भेट ठरवून घालून दिल्यासारखी.

वारा ४०-५० नॉटचा दाखवत नव्हतं, हे आधीच सांगतो. तीसपर्यंत. खात्याच्या भाषेत १७ ते २७ नॉटला डिप्रेशन, ३३ पर्यंत डीप डिप्रेशन, ३४ गाठले की चक्रीवादळ, आणि नाव तेव्हाच मिळतं. याला अजून नाव नव्हतं. पण त्याच बाजूनं २०१७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात ओखी चक्रीवादळ गेलं होतं. डिप्रेशनचं चक्रीवादळ व्हायला त्याला जेमतेम एक दिवस लागला होता, आणि समुद्रात गेलेले कितीतरी मच्छीमार परत आले नाहीत. पुढं ते वळून गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत आलं. त्या आठवड्यात आम्ही बागेत काय धावपळ केली होती, ते अजून विसरलेलो नाही.

माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो पळायचा. बोट पुढं आहे, हे मागं आहे, नैऋत्येला जोर लावा, इंजिन लावा, पुढून निघून जा. संदेश लिहूनही झाला होता. मग आठवलं, निघायच्या आदल्या रात्री दाजी याच टेबलावर म्हणाले होते, "बैलगाडी घेऊन एसटीच्या पुढून आडवं जायचं नाही. पोचलो तर पोचलो, चाक निखळलं तर?" बोटीचा वेग पाच, त्याचा सात. शर्यत नव्हतीच ती. शिवाय आपल्या गोलार्धात असं काही चाललं असेल तर त्याच्या जायच्या दिशेच्या उजव्या हाताची बाजू वाईट. तिथं वारा जास्त आणि तो बोटीला त्याच्याच वाटेत ढकलतो. दाजी उजव्या हाताला होते.

तो संदेश पुसला. दुसरा लिहिला: "कमी दाब ९उ ७२.५पू. ६० तासांत ११उ ६६पू. वारा ३० पर्यंत. तुमची वाट ४४ तासांनी छेदते. युरोपियन दक्षिणेला नेतं, हलकं. काय करता?"

शेवटचे दोन शब्द मी मुद्दाम घातले. शेडमध्ये पंख्याखाली बसून मी 'वळा' म्हणणं सोपं होतं. शिडं कुणी बदलायची, कोण किती झोपलंय, कुणाच्या हाताला फोड आलेत, हे मला काय माहीत?

वीस मिनिटांनी उत्तर आलं. "पुढून जात नाही. उत्तरेला चढतो. कधी वळू तेवढं बघ."

या 'कधी'वर मी रात्री एकपर्यंत बसलो. युरोपियन मॉडेल खरं ठरलं तर केंद्र साडेनऊ अंशांच्या वर येणारच नव्हतं. सकाळी नवा नकाशा बघून वळलं तरी चाललं असतं. थांबण्याचा मोह मोठा होता, कारण उत्तरेला म्हणजे उलटं, गोव्याच्या अंगाला जायचं. कमावलेले मैल परत द्यायचे. पण वारा आत्ता अठराचा होता. ईशान्येच्या वाऱ्यावर उत्तरेला चढायचं म्हणजे वाऱ्याला जवळजवळ नाक लावून, प्रत्येक लाटेवर आपटत. अठराच्या वाऱ्यात ते जमतं. सकाळी पंचवीस झाला तर तीन माणसांना जमेल पण जेवण करणं जमणार नाही. जे अवघड काम करायचंच आहे ते हवा बरी असताना करून घ्यावं, एवढाच हिशोब. आणि बोटवाल्यांचा एक-दोन-तीनचा नियम होता: चोवीस तासांच्या अंदाजात शंभर मैल चूक धरा, अठ्ठेचाळीसला दोनशे, बहात्तरला तीनशे, आणि त्यात मोठ्या वाऱ्याच्या घेराचं अंतर वरून मिळवा. मला केंद्रापासून अडीचशे मैल हवे होते. त्यासाठी १४ अंश गाठायला लागत होतं.

"आत्ता," एवढंच पाठवलं.

ताई दारात उभी होती. किती वेळ ते कळलं नाही. तिनं विचारलं, "वळले?" मी म्हणालो, "वळतील." २०१८ साली कमांडर अभिलाष टॉमी दक्षिण हिंदी महासागरात वादळात सापडले, बोटीची डोलकाठी मोडली, पाठीला मार लागून ते पडून राहिले, हे तिनं टीव्हीवर बघितलेलं. दाजींनी बोट घेतली त्या दिवसापासून तिच्या तोंडात 'डोलकाठी' हा एकच शब्द बसला होता.

पंधरा तासांत ते पन्नास मैल वर चढले. तिघांपैकी एकाला उलट्या लागल्या, असं नंतर कळलं. दुपारी १४ अंशांवर पोचल्यावर दाजींनी बोट हीव-टू केली. म्हणजे पुढचं लहान शीड मुद्दाम उलट्या अंगाला ताणायचं, मोठं आखडून घ्यायचं आणि सुकाणू असं बांधायचं की बोट एकीकडं वळू बघते, दुसरं तिला अडवतं. ती वाऱ्याला तिरकी डोकं टेकवून बसते, माणसं खाली जाऊन झोपू शकतात. मला वाटलं होतं ती जागेवर थांबते. थांबत नाही, तासाला मैलभर वाहत जाते, आणि वाहत जाते ती नेमकी त्या कमी दाबाच्या वाटेकडंच. म्हणून तर ते अडीचशे मैल.

आता त्यांना मी सांगण्यापेक्षा त्यांनी मला सांगायची पाळी होती. प्रत्येक संदेशात वाऱ्याची दिशा आणि वायुभारमापकाचा आकडा. सकाळी दहाला १०११ हेक्टोपास्कल आला. दुपारी चारला १००८.

माझे हातपाय गार पडले. सहा तासांत तीन! मॉडेलनं दाखवलं त्यापेक्षा हे जवळ आलंय, असं धरून मी खात्याचं पत्रक, दोन्ही मॉडेलं, उपग्रहाचं चित्र सगळं उलथंपालथं केलं आणि दाजींना पाठवलं, "दाब झपाट्यानं पडतोय, आणखी उत्तरेला जाता येईल का?" तासाभरानं उत्तर आलं. "रोज चारला पडतो. रात्री दहाला बघ. चहा पी."

तेव्हा कळलं की उष्ण कटिबंधात हवेलाही रोजची भरती-ओहोटी असते. सकाळी दहा आणि रात्री दहाच्या सुमारास दाब वर, पहाटे चार आणि दुपारी चारला खाली. फरक तीनेक हेक्टोपास्कलचा. तो वजा करून त्या वेळच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा तीननं खाली असेल तर संशय घ्यायचा, पाचनं खाली असेल तर जवळ वादळ आहेच असं समजायचं. रात्री दहाला १०१० आला. एकनं खाली. दुसऱ्या रात्री दहाला १००९. दोननं. तिथून तो परत चढायला लागला. तीन वर्षं मी विंडीवर दाबाच्या रेघा बघतोय, पण हे रोजचं श्वास घेणं मला कधी दिसलं नव्हतं. तळ्यात मासे दिसतात आणि पाणी दिसत नाही, तसं.

वाऱ्याचं मात्र बरोबर वाचलं. आधी ईशान्य, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पूर्व, सव्वीसचा, मध्येच बत्तीसचे फटके. तिसऱ्या दिवशी पहाटे आग्नेय, वीसचा. घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरत होता, म्हणजे ते खालून पुढं सरकत होतं. आग्नेय शब्द वाचला आणि मी ताईला उठवलं. काही बोलली नाही, उठून चुलीवर पाणी ठेवलं. गॅस होता, तरी चुलीवर.

छत्तीस तास थांबून बोट परत नैऋत्येला लागली, बाजूनं मिळणाऱ्या वाऱ्यावर दिवसाला एकशे तीस मैल काढत.

आणि बाग? त्याच कमी दाबानं आमच्याकडं ओली हवा ओढून आणली. तीन दिवस आभाळ, दोन पहाटे भुरभुर. हे मला सगळ्यांच्या आधी माहीत होतं; गावात मीच पहिल्यांदा सांगितलं की बुधवारपर्यंत फवारणी उरका. शेजाऱ्यांनी उरकली. माझी एक दिवस राहिली, कारण ब्लोअरचा बेल्ट तुटला होता आणि तो आणायला जायचं सोडून मी दाजींच्या दहाच्या संदेशाची वाट बघत बसलो होतो. खालच्या प्लॉटात घडांवर डाऊनी आला. बायको म्हणाली, "दीड हजार किलोमीटरवरचा वारा दिसतोय, बांधावरची बाग दिसत न्हाय." अंतर तितकं नव्हतं, पण मी दुरुस्त करायच्या भानगडीत पडलो नाही.

विषुववृत्तापाशी मी चुकलो, आणि ती चूक माझी एकट्याची. ठरल्याप्रमाणं बोट ५७-५८ पूर्वेपर्यंत पश्चिमेला आली, २ अंश उत्तरेला. शांत पट्टा आडवा पसरलेला, तो तिरका न कापता सरळ दक्षिणेला कापायचा, म्हणजे कमीत कमी वेळ त्यात. नकाशात एका जागी तो अरुंद दिसत होता, पण दीड दिवसानं. मी म्हणालो, सावकाश या, फट उघडेल. फट उघडली नाही, पट्टाच वर सरकून त्यांच्यावर बसला. तीस तास शिडं लोंबकळत होती. मॉडेलात वारा चार नॉट, प्रत्यक्षात शून्य, आणि मध्येच एका काळ्या ढगाखाली पस्तीस, दहा मिनिटं. असे ढग मॉडेलला दिसत नाहीत, त्याच्या चौकटी त्यांच्यापेक्षा मोठ्या असतात. आमच्या गारपिटीचं तेच आहे: पलीकडच्या शिवारात होते, आपल्यात होत नाही, ॲपवर दोन्ही शिवारं एकाच रंगात. हे मला समजायला हवं होतं.

डिझेल दोनशे लिटर, तासाला अडीच लिटर, म्हणजे ऐंशी तास. बंदरात शिरण्यासाठी वीस तासांचं राखून ठेवायचं ठरलं होतं. दाजींनी मला न विचारता इंजिन लावलं आणि सरळ दक्षिणेला काढली. बरंच झालं. विषुववृत्त ओलांडल्याचा संदेश असा होता: "ओलांडलं. नारळ फोडला. पाऊस. सगळे नागडे, साबण लावून." ताईला मी शेवटचं वाक्य वाचून दाखवलं नाही.

वायव्येचा वारा मिळाला तो बाजूनं, हवा तसा. अठराव्या दिवशी सेशेल्सचं व्हिक्टोरिया बंदर.

मार्चमध्ये, खालचा प्लॉट सोडून बाकी माल निघाल्यावर, दाजी आले. त्यांची लॉगबुक आणि माझा चार्ट शेजारी ठेवून आम्ही तो कमी दाब परत मांडला. मी नंतरच्या पत्रकांतून त्याची खरी वाट काढून ठेवली होती. युरोपियन मॉडेल बरंचसं बरोबर निघालं होतं. केंद्र दहा अंशांच्या वर आलंच नाही, आणि ६८ पूर्वेच्या पुढं ते विरायला लागलं. बोट सरळ गेली असती तर कडेनं गेली असती, पंचवीसचा वारा लागला असता, आणि दोन दिवस वाचले असते.

हे सांगताना मला जरा लाजल्यासारखं झालं. दाजींनी चष्मा लावून रेघ बघितली.

"पंचवीस कशावरून? तीस कशावरून नाही?"

"मॉडेलनं पंचवीस दाखवला होता."

"आम्हाला उत्तरेला, अडीचशे मैल लांब, बत्तीसचे फटके बसले. ते दाखवले होते?"

नव्हते दाखवले. मी पेन्सिल घेऊन परत मोजायला लागलो. बत्तीस जर इतक्या लांब, तर छेदावर किती? दाजी म्हणाले, पुढच्या खेपेला रेघेच्या ऐवजी जाड पट्टा काढ, खडूनं. मी म्हणालो, मग चार्टवर जागाच उरणार नाही. यावर आमचं बरंच चाललं. शेवटी ताईनं वजनं उचलली, चार्ट गुंडाळला आणि टेबलावर बेदाणा ओतला. निवडायला बायका येऊन थांबल्या होत्या.